‘साभार : गूगल’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली का?

व्हिडिओत दुसऱ्यांचे फोटो आणि चित्रं वापरण्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत ‘साभार’ हा शब्द हमखास आहे. आभार मानणं चांगलंच, पण नंतर आभार मानले म्हणून शेजाऱ्याची गाडी न विचारता नेता येत नाही. फोटोचंही तसंच आहे. उत्तरं भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ धरून दिली आहेत; परदेशाचा संबंध आला तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : किल्ल्यांच्या इतिहासाचं माझं चॅनेल आहे. राजगडावरच्या व्हिडिओत गूगलवर मिळालेले दोन फोटो घेतले, शेवटी ‘फोटो साभार : गूगल’ असंही टाकलं. चार महिन्यांनी व्हिडिओ गायब झाला आणि स्ट्राइक आला. व्हिडिओ डिलीट केला तर स्ट्राइक जाईल का? (वाई)

नाही. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट मोडल्याबद्दल यूट्यूबने चॅनेलवर ठेवलेला ठपका. तो लागल्यानंतर व्हिडिओ डिलीट केला तरी तसाच राहतो, वर तुमच्या हातातला पुरावा मात्र जातो. तेव्हा डिलीटला हात लावू नका.

आधी तक्रार कोणाची आहे ते पाहा. यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या पानावर, कंटेंटच्या यादीत त्या व्हिडिओसमोर ‘रिस्ट्रिक्शन्स’चा रकाना असतो. तिथे कॉपीराइटवर गेलात की तक्रारदाराचं नाव, कोणत्या कामाबद्दल तक्रार आहे आणि संपर्काचा ईमेल दिसतो. कंटेंट आयडी ही यूट्यूबची आपोआप चालणारी यंत्रणा आवाज आणि चलचित्र जुळवते. स्थिर फोटो तिच्या जाळ्यात सहसा येत नाही. म्हणजे फोटोची तक्रार बहुधा कोणीतरी स्वतः बसून, फॉर्म भरून केलेली असते. ही गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, कारण माणसाशी बोलता येतं.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, तक्रारदाराला पत्र लिहून तक्रार मागे घ्यायला सांगणं. हीच सगळ्यात उपयोगी. पत्र चार ओळींचं असावं: कोणता फोटो, कितव्या मिनिटाला, किती सेकंद, यापुढे वापरणार नाही किंवा वापराचे पैसे द्यायला तयार आहे. ‘मी तर तुमची प्रसिद्धीच केली’ हे वाक्य चुकूनही घालू नका. दुसरी वाट वाट पाहण्याची. पहिल्या स्ट्राइकला यूट्यूबचा कॉपीराइटवरचा छोटा धडा आणि प्रश्नावली पूर्ण करावी लागते, मग ९० दिवसांनी स्ट्राइक उतरतो. त्या ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. तिसरी वाट प्रतिनोटीस, म्हणजे काउंटर नोटिफिकेशन. फोटो तुमचाच असेल, परवाना हातात असेल किंवा वापर कायद्याच्या अपवादात बसत असेल तरच ती पाठवा. त्यात पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, तो सगळा तपशील तक्रारदाराकडे जातो, आणि अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र तुम्ही मान्य करता. तक्रारदाराने कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. तुमच्या बाबतीत ही वाट नाही. गूगल फोटो काढत नाही, फक्त शोधून दाखवतं.

कधीकधी तक्रारदार सात दिवसांची मुदत ठेवून तक्रार करतो. तसा मेल आला तर मात्र त्या सात दिवसांत व्हिडिओ काढून टाका, स्ट्राइक लागत नाही. बरेच जण हा मेल जाहिरात समजून उघडतच नाहीत.

यापुढे फोटो घेण्याआधी तो गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या दोन्ही साधनांत टाकून पाहा. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुना’ असा क्रम लावता येतो. पहिल्यांदा कुठे दिसला ते कळलं की मालकाच्या जवळ पोहोचता. गूगल इमेजेसमध्ये टूल्सखाली वापरहक्कांची चाळणी आहे, पण ती मूळ पानावर लिहिलेल्या माहितीवर विसंबून असते. एखाद्याने चोरलेल्या फोटोखाली ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ (ठरावीक अटींवर कोणालाही वापरता येण्याचा खुला परवाना) लिहिलं तर चाळणी तेही बिनदिक्कत दाखवेल.

प्रश्न : एका ट्रेकर मित्राच्या मित्राने व्हॉट्सअॅपवर ‘वापर की रे, बिनधास्त’ असं कळवलं आहे. एवढं पुरेसं आहे का? (डोंबिवली)

काहीच नसण्यापेक्षा बरं. पण कायदा या ‘बिनधास्त’चा अर्थ फार कमी लावतो.

परवाना लेखी हवा, असं कलम ३० सांगतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यात सहीची अट राहिलेली नाही, आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर लेखी धरला जातो. त्यामुळे ईमेल चालतो, व्हॉट्सअॅपही चालेल. खरी अडचण पुढे आहे. कलम ३०अ मुळे कलम १९ चे नियम परवान्यालाही लागू होतात. मुदत लिहिली नसेल तर परवानगी ५ वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, तो संपतो. तुमचा व्हिडिओ टाकल्या क्षणी जगभर दिसतो आणि पाच वर्षांनीही तिथेच असतो. म्हणजे परवानगी असूनही तुम्ही तिच्या बाहेर.

म्हणून मित्राला हा मजकूर पाठवा आणि ‘मान्य आहे’ असं उत्तर ईमेलवर घ्या:

«खालील छायाचित्र मी स्वतः काढलेलं असून त्याचे हक्क माझ्याकडे आहेत : (फाइलचं नाव, दुवा). हे छायाचित्र (चॅनेल) या चॅनेलच्या (व्हिडिओचं नाव) या व्हिडिओत, त्याच्या थंबनेलमध्ये आणि त्याच व्हिडिओच्या छोट्या तुकड्यांमध्ये, कोणत्याही समाजमाध्यमावर, जाहिरातींचं उत्पन्न मिळत असतानाही वापरायला मी परवानगी देत आहे. परवानगी संपूर्ण जगासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आहे. वर्षभरात वापर झाला नाही तरी ती कायम राहील. हेच छायाचित्र मी इतरांनाही देऊ शकतो. कडा कापायला आणि वर अक्षरं घालायला हरकत नाही. श्रेय असं द्यावं : (नाव). मोबदला : (रक्कम, किंवा ‘काही नाही’).»

‘मी स्वतः काढलेलं’ हे शब्द गाळू नका. ट्रेकिंगच्या ग्रुपवर फोटो इतका फिरतो की पाठवणाऱ्यालाही तो आपलाच वाटायला लागतो. शंका असेल तर मूळ फाइल मागा. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलमध्ये तारीख, कॅमेरा, लेन्सची माहिती असते. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमधली ती पुसली जाते. आणि व्हॉट्सअॅपवरच परवानगी घेणार असाल तर ‘संदेश आपोआप नाहीसे’ ही सोय बंद आहे ना ते आधी बघा, मग चॅट एक्सपोर्ट करून ठेवा.

प्रश्न : फोटो आरशासारखा उलटा केला, रंग बदलले, ३० टक्के फरक केला की कॉपीराइट लागत नाही असं ऐकलं. वॉटरमार्कही पुसता येतो. (लातूर)

ऐकीव आहे. असा टक्का कायद्यात कुठेच नाही, ‘आठ सेकंदांपेक्षा कमी दाखवलं तर चालतं’ हेही नाही. वॉटरमार्क पुसणं तर आगीत तेल. नाव किंवा हक्कांची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय, चुकून वापरलं असं म्हणायची सोयही वॉटरमार्क पुसल्यावर उरत नाही.

प्रश्न : शिवाजी महाराजांची चित्रं तर साडेतीनशे वर्षांपूर्वीची. ती सगळ्यांचीच ना? तसंच जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं दाखवायची आहेत. (कोल्हापूर)

महाराज सगळ्यांचे, पण प्रत्येक चित्र सगळ्यांचं नसतं. चित्र कोणी आणि कधी काढलं यावर सगळं ठरतं.

भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. हक्क नंतर कोणाकडेही गेलेला असो, प्रकाशकाकडे की वारसांकडे, मोजणी चित्रकाराच्या मृत्यूवरूनच होते.

आता हिशेब करा. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. फक्त त्यांच्या छापखान्याने नंतरच्या काळात इतरांच्या चित्रांच्याही प्रती काढल्या, तेव्हा ‘रविवर्मा प्रेस’ एवढं पाहून थांबू नका. एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये गेले; १ जानेवारी २००५ पासून मोकळे. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची मुखपृष्ठं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हक्कांत आहेत. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. एस. एम. पंडित १९९३, म्हणजे २०५३ अखेर. दिवाळी अंकांच्या इतिहासावर बोलताना दलालांचं एखादं मुखपृष्ठ दाखवून त्याच्या रंगांबद्दल, रेषेबद्दल बोललात तर ती समीक्षा, आणि तिला कायद्यातले अपवाद सांगणाऱ्या कलम ५२ मध्ये जागा आहे. पंचवीस मुखपृष्ठं संगीतावर एकामागून एक सरकवलीत तर ती समीक्षा नव्हे, प्रदर्शन झालं.

महाराजांच्या चित्राकडे येऊ. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सन अल्बममधलं, १६८६ च्या सुमाराचं महाराजांचं चित्र आहे. हे संग्रहालय जुन्या कलाकृतींच्या प्रतिमा कोणत्याही अटीशिवाय, व्यावसायिक वापरासाठीही देतं, आणि मोठ्या आकारात उतरवू देतं. ब्रिटिश म्युझियमकडेही महाराजांचं त्याच सुमाराचं चित्र आहे, पण तिथल्या प्रतिमा ‘सीसी बाय-एनसी-एसए ४.०’ या परवान्याखाली मिळतात, म्हणजे अव्यावसायिक वापरापुरत्या. सपाट जुन्या चित्राची जशीच्या तशी काढलेली प्रतिमा नवा कॉपीराइट निर्माण करते का, यावर वाद घालता येतो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात थोडी तरी सर्जनशीलता हवी असं म्हटलं आहे. पण जिथे अटीशिवाय मिळतंय तिथून घ्यायचं सोडून वादाच्या दारात कशाला जायचं? चॅनेलवर जाहिराती असतील तर राइक्सम्युझियमचं घ्या.

दिवाणखान्यात लावतात ती सिंहासनारूढ, रंगीत, मोठी चित्रं बहुतेक विसाव्या शतकातल्या चित्रकारांची आहेत. नाव शोधा, मृत्यूचं वर्ष शोधा. नाव मिळालं नाही तर ते चित्र बाजूला ठेवा.

जुन्या फोटोंसाठी वेगळी मोजणी लक्षात ठेवा. २१ जून २०१२ पर्यंत फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण होतं. त्या दिवसापासून फोटोही चित्राच्या रांगेत आला. म्हणून १९५१ पर्यंत भारतात प्रकाशित झालेला फोटो निर्धास्त वापरा, त्यानंतरच्या फोटोला छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजा.

प्रश्न : विकिमीडिया कॉमन्सवरून फोटो घेते आणि खाली ‘विकिपीडियावरून’ असं लिहिते. एकाने हरकत घेतली. काय चुकलं? (नागपूर)

‘विकिपीडियावरून’ हे ‘एसटीने आलो’ म्हणण्यासारखं आहे, कोणाकडून आणलं ते कळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात चार गोष्टी लिहायच्या असतात: चित्राचं नाव असेल तर ते, काढणाऱ्याचं नाव किंवा टोपणनाव जसं तिथे आहे तसं, मूळ पानाचा दुवा, आणि परवान्याचं नाव आवृत्तीसह दुव्याने. बदल केला असेल तर तोही. नमुना असा:

«०२:१४ – ‘टकमक टोक, रायगड’, छायाचित्र : (टोपणनाव), विकिमीडिया कॉमन्स (दुवा), सीसी बाय-एसए ४.० (दुवा), कडा कापल्या आहेत.»

कॉमन्सवर फोटोच्या पानावर ही फाइल वापरण्याचा पर्याय असतो, त्यात श्रेयाची ओळ तयार मिळते. ती चिकटवा, पुढे वेळ लिहा. हे सगळं डिस्क्रिप्शनमध्ये चालतं, पण फोटो पडद्यावर असताना कोपऱ्यात नाव आणि परवाना बारीक अक्षरांत दिलेला बरा. तुमचा व्हिडिओ कोणी कापून व्हॉट्सअॅपवर फिरवला तर डिस्क्रिप्शन मागे राहतं, अक्षरं मात्र बरोबर जातात.

आवृत्तीच्या आकड्याकडे काणाडोळा करू नका, तुमची हरकत कदाचित तिथूनच आली असेल. ४.० मध्ये श्रेय चुकलं आणि ते कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर परवाना पुन्हा लागू होतो. २.० आणि ३.० मध्ये ही सवलत नाही. श्रेय चुकलं की परवाना त्या क्षणी संपतो. जुन्या आवृत्तीचे फोटो ठेवून, श्रेय चुकवणाऱ्यांकडून पैसे उकळणारेही आहेत. २.० दिसला तर श्रेयाचं प्रत्येक अक्षर तपासा.

अक्षरांचे अर्थ थोडक्यात. ‘बाय’ म्हणजे श्रेय. ‘एनसी’ म्हणजे पैशासाठी नाही. जाहिराती सुरू असलेल्या चॅनेलने यापासून लांब राहावं. ‘एनडी’ म्हणजे बदललेलं रूप प्रसारित करायचं नाही. असा फोटो अख्खा दाखवा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी येऊ द्या. ‘एसए’मध्ये बदललेलं रूप त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. फोटो जसाच्या तसा मध्ये दाखवला तर साधारणपणे पूर्ण व्हिडिओला तो परवाना लागत नाही, पण माणूस कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवला, हलता केला, तर ते बदललेलं रूप झालं. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘बाय-एसए’चा पर्याय नाही, म्हणून ते डिस्क्रिप्शनमध्ये शब्दांत लिहा. ‘सीसी शून्य’ला काहीच लागत नाही.

दिलेला परवाना मागे घेता येत नाही, पण पानावरचा मजकूर बदलता येतो. त्यामुळे फोटो उतरवताना परवाना दिसेल असा पानाचा स्क्रीनशॉट घ्या. एका साध्या तक्त्यात वेळ, फाइल, दुवा, नाव, परवाना, उतरवल्याची तारीख आणि स्क्रीनशॉटचं नाव, एवढे सात रकाने ठेवा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी फुकट व्हिडिओ करतो. पाठ्यपुस्तकातली चित्रं वापरली तर शिक्षण म्हणून सूट मिळेल ना? (परभणी)

सर, वर्गात मिळते, चॅनेलवर मिळेलच असं नाही. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने ‘शिकवण्याच्या ओघात’ केलेली प्रत कलम ५२ खाली चालते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या फोटोकॉपी खटल्यात या शब्दांचा अर्थ बराच उदार लावला. पण तिथे विद्यापीठ होतं, अभ्यासक्रम होता, विद्यार्थी होते. कोणालाही उघडता येणारा व्हिडिओ त्यात बसवायचा म्हणजे कलम ताणणं झालं. जाहिराती असतील तर जास्तच. ‘फुकट करतो’ याने नुकसानभरपाईचा आकडा कमी होऊ शकतो, उल्लंघन पुसलं जात नाही.

बालभारतीच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर सर्व हक्क मंडळाकडे असल्याचं आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचं छापलेलं असतं. पीडीएफ मोफत उतरवता येते याचा अर्थ ती वाचायला मोफत आहे. मंडळाला अर्ज करा. किंवा, आणि हे जास्त चांगलं, आकृती स्वतः काढा. हृदयाचे चार कप्पे, त्यांतला रक्ताचा प्रवास ही माहिती कोणाच्या मालकीची नाही. चित्रकाराने काढलेली विशिष्ट आकृती मालकीची असते. तुम्ही फळ्यावर खडूने काढत होतात तशी काढलीत तर प्रश्नच मिटला.

प्रश्न : मराठी सिनेमांची परीक्षणं करतो. पोस्टर आणि ट्रेलरमधले स्क्रीनशॉट चालतात का? (पुणे)

स्क्रीनशॉट म्हणजे कॉपीच. सिनेमातल्या कुठल्याही दृश्याचा फोटो काढणं हे कलम १४ सिनेमाच्या प्रतीतच धरतं. मात्र समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. रास्त म्हणजे किती, हे ठरवताना केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने घेतलेला मजकूर किती आणि किती मोलाचा, तो घेण्यामागचा हेतू, आणि मूळ कामाशी स्पर्धा होण्याची शक्यता. छायांकनाबद्दल बोलताना त्याच प्रकाशयोजनेची चौकट सहा-सात सेकंद दाखवणं या तिन्हींत बसतं. दहा मिनिटांच्या गप्पांमागे सिनेमाचे फोटो नुसते फिरत ठेवणं बसत नाही, कारण तिथे फोटो सजावटीचं काम करतात.

थंबनेलची बाजू सगळ्यात लंगडी. तिथे समीक्षा नसते, गिऱ्हाईक बोलावणं असतं. निर्मात्यांच्या प्रसिद्धी विभागाकडे मेल केला की पोस्टर आणि निवडक छायाचित्रं वापरायला मिळतात. परीक्षण प्रतिकूल असेल तेव्हाही तो मेल कामी येतो. आणि नटाचा चेहरा एखाद्या वस्तूच्या जाहिरातीला जोडू नका. तो प्रश्न कॉपीराइटचा नाही, व्यक्तिमत्त्वहक्काचा, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांच्या वापरावरच्या हक्काचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना त्याच मुद्द्यावर संरक्षण दिलं.

प्रश्न : मुलीचं लग्न नाशिकला झालं, स्वागत समारंभ एडिसनला. दोन्हींचे फोटो घेऊन व्हिडिओ केला, मंडळाच्या पानावर टाकायचा आहे. फोटोग्राफरला विचारावं लागेल का? (न्यू जर्सी)

नाशिकच्या फोटोंसाठी बहुधा नाही, एडिसनच्या फोटोंसाठी बहुधा हो. एकाच लग्नात दोन कायदे आलेत खरे.

भारतात पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो; हे कलम १७ सांगतं. फोटोग्राफरने पावतीच्या मागे बारीक अक्षरांत ‘हक्क आमच्याकडे’ असं छापलं नाही ना, तेवढं बघा. आणि उलट बाजूही समजून घ्या: असा करार नसेल तर तुमचे फोटो त्याने स्वतःच्या जाहिरातीच्या रीलमध्ये तुम्हाला न विचारता घालू नयेत.

अमेरिकेत स्वतंत्र फोटोग्राफर स्वतःच मालक राहतो. तुम्हाला करारात लिहिलेला वापर मिळतो. बहुतेक करारांत ‘वैयक्तिक वापर’ असं असतं आणि मंडळाचं सार्वजनिक पान त्यात बसेल याची खात्री नाही. एक ईमेल पाठवून विचारा. तिकडे आकडे मोठे असतात: फोटो वेळेत नोंदवलेला असेल तर न्यायालय प्रत्येक कामामागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून केलं असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई लावू शकतं. ‘मंडळ ना-नफा आहे’ हा फेअर यूजच्या, म्हणजे तिकडच्या रास्त वापराच्या, चार निकषांपैकी एकाचा भाग आहे, चारही नाही.

प्रश्न : गणेशोत्सवाचं चित्रीकरण करताना मागे मंडळाचा देखावा, चौकातला पुतळा, भिंतीवरचं म्युरल येतं. प्रत्येकाची परवानगी? (ठाणे)

नाही, इथे कायदा बराच सैल आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेली कलाकृती चित्रपटात घेता येते, आणि कायद्याच्या भाषेत तुमचा व्हिडिओ हा चित्रपटच. पुतळा आणि म्युरल दोन्ही त्यात आले. गंमत अशी की त्याच म्युरलचा नुसता फोटो काढून छापायला ही सूट नाही. फोटोची सूट इमारती, शिल्प आणि हस्तकलेपुरती आहे.

मंडळाचा देखावा दहा-अकरा दिवसांचा, म्हणजे कायमस्वरूपी नाही. तो पार्श्वभूमीला किंवा ओघाने येत असेल तर चालतो. पण देखाव्याभोवतीच पूर्ण व्हिडिओ फिरत असेल तर कलाकाराला आणि मंडळाला विचारा; बहुतेक ठिकाणी नाव दाखवा म्हणतील, एवढंच.

प्रश्न : नकाशे कुठून घ्यावेत? (सांगली)

परदेशी संकेतस्थळावरचा भारताचा नकाशा परवाना मोकळा असला तरी तसाच लावू नका. जम्मू-काश्मीर आणि अक्साई चीनच्या सीमा तिथे अनेकदा तुटक दाखवतात, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. बाह्यरेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्याच नकाशाशी ताडून घ्या. गूगल अर्थची दृश्यं घेतलीत तर गूगलचं आणि माहिती पुरवणाऱ्यांचं नाव ती दृश्यं पडद्यावर असेपर्यंत दिसलं पाहिजे. शेवटच्या श्रेयनामावलीत घालून चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅपला ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असं श्रेय द्या.

प्रश्न : एका फोटोसाठी ६०,००० रुपये भरा, नाहीतर पोलिसांत जाऊ, असा मेल आला आहे. भरू का? (मडगाव)

आज नको. आधी फोटो व्हिडिओतून काढा किंवा व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ करा, आणि तो किती दिवस होता, किती वेळा पाहिला गेला, त्यातून किती उत्पन्न आलं याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मग उत्तरात दोनच गोष्टी मागा: फोटो तुमचा असल्याचा पुरावा, म्हणजे मूळ फाइल किंवा हक्कधारकाचं अधिकारपत्र, आणि ही रक्कम कशावरून काढली. कबुली किंवा माफीची लांब वाक्यं लिहू नका, आणि मेलकडे दुर्लक्षही करू नका.

भारतीय कायद्यात अमेरिकेसारखा ठरावीक भरपाईचा आकडा नाही. नुकसान किंवा नफा दाखवावा लागतो. त्यामुळे त्याच छायाचित्रकाराचा तशा वापराचा नेहमीचा दर हा बोलणीचा पाया. तो ३,००० असेल तर ६०,००० वर घासाघीस करायला जागा आहे. पोलिसांची भाषा मात्र अगदीच पोकळ नाही: कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. पुरावा खरा निघाला तर वकिलाकडून तडजोडीचा कागद करून घ्या. त्यात मागच्या सगळ्या वापराबद्दल यापुढे कोणताही दावा राहणार नाही ही ओळ असल्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि पाठवाल ते हक्कधारकाच्याच नावावरच्या खात्यात.